प्रवेश-पातळीचा कॅमेरा : पहिली छाप आणि पुढचा हिशेब

नवी दिल्ली रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेकडील बाजूने बाहेर पडले की समोरच पहाडगंजचा मेन बाजार सुरू होतो. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना हॉटेलांच्या एकावर एक चढलेल्या पाट्या, पाठीवर बोजे घेतलेले परदेशी प्रवासी, आणि वर विजेच्या तारांच्या जाळ्यातून दिसणारी आकाशाची एक चिंचोळी पट्टी. दिल्लीस येणाऱ्या मराठी माणसाला मात्र हा भाग परका वाटत नाही. नूतन मराठी शाळा आणि बृहन्महाराष्ट्र भवन ही दोन्ही ठिकाणे याच परिसरातील. त्यामुळे बाजाराच्या गोंगाटातही अधूनमधून मराठी बोल कानी पडतात.

या परिसरातील आमच्या शाखेत एके दिवशी एक मराठी खातेदार आपल्या मुलीसह आले. चूना मंडीत त्यांचा छोटासा फोटो स्टुडिओ आहे. शाखेत सर्वजण त्यांना ‘काका’ म्हणतात. त्यांच्या हातात मुदत ठेवीची पावती होती आणि मुलीच्या हातात मोबाईल. मोबाईलवर एका प्रवेश-पातळीच्या नव्या कॅमेऱ्याची घोषणा झळकत होती.

“साहेब, ही ठेव मोडायची आहे,” काका म्हणाले. “हिला कॅमेरा घ्यायचा आहे. पाहताक्षणी आवडला आहे.” क्षणभर थांबून ते पुढे म्हणाले, “मलाही २००४ साली असाच आवडला होता. तेव्हाही ठेवच मोडली होती. त्यानंतरचे वर्ष फार ओढाताणीचे गेले.”

या शेवटच्या वाक्यामुळे मी लेखणी खाली ठेवली. नव्या कॅमेऱ्याविषयी पहिली छाप कशी पडते, ती कितपत विश्वासार्ह असते आणि तिच्या पलीकडे काय पाहावे, याचा थोडा विस्ताराने विचार करण्याची गरज त्या संभाषणातून जाणवली. प्रस्तुत लेखाचा तोच उद्देश आहे.

‘प्रवेश-पातळी’ म्हणजे नेमके काय?

डिजिटल एसएलआर कॅमेऱ्याची रचना मुळात सोपी आहे. लेन्समधून आलेला प्रकाश आतील तिरप्या आरशावर पडतो आणि वर वळून दृश्यदर्शकातून आपल्या डोळ्यापर्यंत येतो. बटण दाबताच आरसा वर उचलला जातो, पडदा उघडतो आणि प्रकाश फिल्मऐवजी सेन्सरवर पडतो. आपण जे पाहतो ते प्रत्यक्ष लेन्समधूनच पाहतो आणि लेन्स गरजेनुसार बदलता येते, ही या रचनेची दोन मोठी वैशिष्ट्ये होत.

ही सोय आरंभी सामान्यांच्या आवाक्यात नव्हती. कोडॅकने १९९१ साली निकॉनच्या एफ३ या फिल्म कॅमेऱ्यावर आधारित डीसीएस १०० बाजारात आणला. त्याची क्षमता जेमतेम १.३ मेगापिक्सेल होती आणि किंमत वृत्तसंस्थांनाच परवडावी अशी. १९९९ मध्ये निकॉनचा डी१ सुमारे पाच हजार डॉलरला, तर २००० मध्ये कॅननचा डी३० सुमारे तीन हजार डॉलरला आला. किंमत उतरत होती. पण पहाडगंजातील लहान स्टुडिओच्या गल्ल्याला ती झेपणारी नव्हती.

मग २० ऑगस्ट २००३ रोजी कॅननने ईओएस ३००डी जाहीर केला. अमेरिकेत नुसत्या कॅमेऱ्याची किंमत ८९९ डॉलर आणि १८-५५ मिलिमीटर लेन्ससह ९९९ डॉलर. हजार डॉलरची वेस ओलांडून आत आलेला हा पहिला डिजिटल एसएलआर. डॉलरचा त्या वेळचा भाव पाहता आयात शुल्क न धरताच ही रक्कम पंचेचाळीस हजार रुपयांच्या पुढे जात होती. तरीही जगभरच्या हौशी आणि छोट्या व्यावसायिक छायाचित्रकारांना प्रथमच असे वाटले की, हे आपल्यालाही जमू शकेल.

काय दिले आणि काय राखून ठेवले

३००डी च्या घोषणेने पाडलेली पहिली छाप जबरदस्त होती, आणि ती अकारण नव्हती. त्याचा ६.३ मेगापिक्सेलचा सेन्सर २२.७ गुणिले १५.१ मिलिमीटरचा, म्हणजे सुमारे ३४३ चौरस मिलिमीटर क्षेत्रफळाचा होता. त्या काळातील खिशात मावणाऱ्या अनेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरचे क्षेत्रफळ ४० चौरस मिलिमीटरच्याही आत असे. अंगण मोठे असेल तर पावसाचे पाणी अधिक साठवता येते. त्याप्रमाणे सेन्सर मोठा असेल तर प्रकाश अधिक मिळतो आणि कमी उजेडातील चित्र अधिक स्वच्छ येते. शिवाय त्याच वर्षी फेब्रुवारीत जाहीर झालेल्या, सुमारे दीड हजार डॉलरच्या १०डी ची प्रतिमा-क्षमता येथे जवळपास तशीच मिळत होती.

मग एवढे डॉलर वाचले कोठे? धातूच्या सांगाड्याऐवजी प्लॅस्टिकचे चंदेरी शरीर आले. दृश्यदर्शकात काचेच्या पंचकोनी लोलकाऐवजी आरशांची जुळणी आली. त्यामुळे दृश्य किंचित अंधूक दिसे. सेकंदाला अडीच या गतीने सलग चारच चित्रे घेता येत. फ्लॅशची तीव्रता कॅमेऱ्यातून कमी-अधिक करण्याची सोय नव्हती. पुढे तर असे दिसून आले की, वगळलेल्या काही सोयी यंत्रात सुप्तावस्थेत होत्या. काही तंत्रज्ञ हौशींनी अनधिकृत प्रणालीच्या साहाय्याने त्या जागृतही केल्या.

येथेच ‘प्रवेश-पातळी’ या शब्दाचा खरा अर्थ कळतो. प्रवेश-पातळीचा कॅमेरा म्हणजे निकृष्ट कॅमेरा नव्हे. वरच्या वर्गातील ग्राहकाला वरच ठेवण्यासाठी काही गोष्टी विचारपूर्वक काढून घेतलेला तो कॅमेरा असतो. घोषणापत्रक आपल्याला काय दिले ते मोठ्या अक्षरांत सांगते. काय राखून ठेवले ते आपण शोधायचे असते. आणि जे राखून ठेवले आहे त्याची आपल्याला गरज पडेल काय, हा एकच प्रश्न पहिल्या छापेची पारख करतो. बागेत मुलांची छायाचित्रे काढणाऱ्याला सलग चार चित्रांची मर्यादा जाणवणारही नाही. क्रीडास्पर्धा टिपणाऱ्याला ती पहिल्याच दिवशी बोचेल.

जुनी लेन्स बसते, पण चालते का?

दुसरे उदाहरण निकॉनच्या डी४० चे. १६ नोव्हेंबर २००६ रोजी तो जाहीर झाला तेव्हा स्पर्धकांनी दहा मेगापिक्सेलचा पल्ला गाठला होता. डी४० मध्ये मात्र ६.१ मेगापिक्सेलच होते. कागदावर तो मागासलेला वाटे. पण हातात घेतल्यावर छाप बदलत असे. वजन पावणेपाचशे ग्रॅम, २.५ इंचाचा पडदा, समजण्यास सोपी मांडणी आणि लेन्ससह किंमत ६०० डॉलरच्या आत. सहा मेगापिक्सेलमधून पोस्टकार्ड आकाराचेच काय, वहीच्या पूर्ण पानाएवढे छायाचित्रही उत्तम निघते. त्यामुळे घरगुती वापराला कमी असे काही पडत नव्हते.

उणीव दुसरीकडेच होती. या कॅमेऱ्याच्या शरीरात केंद्रीकरणासाठी लागणारी मोटर नव्हती. निकॉनची लेन्स बसवण्याची पद्धत १९५९ पासून मूलतः तीच असल्याने जुनी लेन्स कॅमेऱ्यावर बसत असे. परंतु जिच्यात स्वतःची मोटर नाही अशी लेन्स आपोआप केंद्रित होत नसे. ज्याच्या कपाटात वडिलार्जित चार लेन्स होत्या, त्याच्यासाठी स्वस्त कॅमेरा अशा रीतीने महाग ठरू शके. ज्याच्याकडे काहीच नव्हते, त्याला त्याने काडीचाही फरक पडत नसे. यंत्र एकच, पण दोन ग्राहकांसाठी त्याचे मोल निराळे.

सभागृहातील परीक्षा

काकांच्या २००४ मधील अनुभवाकडे वळू. त्यांनी सारी रक्कम कॅमेरा आणि त्यासोबत येणाऱ्या लेन्सवर खर्च केली. दुकानात दिवसाच्या उजेडात काढलेली चित्रे सुरेख आली. गणेशोत्सवात सभागृहातील मुलांच्या नृत्याची छायाचित्रे काढण्याचे काम मिळाले तेव्हा मात्र बहुतेक चित्रे हललेली निघाली. दोष ना त्यांच्या हाताचा होता, ना कॅमेऱ्याचा. तो प्रकाशाच्या गणिताचा होता.

लेन्सवर लिहिलेला ‘एफ’ पुढील आकडा जितका मोठा, तितके तिचे द्वार लहान. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या लेन्सचे द्वार दूरचे दृश्य जवळ आणल्यावर बहुधा एफ/५.६ पेक्षा मोठे उघडत नाही. एफ/१.८ ची लेन्स त्याच्या सुमारे दहापट प्रकाश आत घेते. म्हणजे जेथे पहिल्या लेन्सला सेकंदाचा पंचविसावा भाग लागेल, तेथे दुसरीला सुमारे अडीचशेवा भाग पुरतो. पंचविसाव्या भागात नाचणाऱ्या मुलाचा हात चित्रात पुसट होतो. अडीचशेव्या भागात तो बऱ्याच अंशी स्थिर दिसतो. एफ/१.८ ची ५० मिलिमीटर लेन्स तुलनेने स्वस्त असते आणि अशा छोट्या सेन्सरवर ती ७५ ते ८० मिलिमीटरप्रमाणे काम करते. तिलाही मर्यादा आहेत. ती पुढे-मागे करता येत नाही, आणि द्वार पूर्ण उघडले की स्पष्टतेची खोली कमी होते. रांगेतील एक चेहरा स्वच्छ आणि मागचे धूसर येऊ शकतात. तरीही व्यासपीठावरील कामासाठी शरीरावर अधिक खर्च करण्यापेक्षा लेन्सवर केलेला खर्च बहुधा अधिक फलदायी ठरतो.

काकांना ही लेन्स आणि एक स्वतंत्र फ्लॅश नंतर हातउसने घेऊन आणावा लागला. ओढाताण झाली ती यामुळे. कॅमेरा वाईट नव्हता. अंदाजपत्रक अर्धे होते.

पहाडगंजसारख्या ठिकाणी धूळ हाही एक विषय आहे. भर बाजारात लेन्स बदलली की धुळीचे कण आत जातात आणि प्रत्येक चित्रात त्याच जागी ठिपका उमटतो. २००६ साली आलेल्या कॅननच्या ४००डी मध्ये सेन्सरपुढील काच कंप पावून धूळ झटकण्याची सोय आली; पण कॅमेरा खाली तोंड करून, आडोशाला लेन्स बदलण्याची सवय हा आजही सर्वांत स्वस्त उपाय आहे.

आरसा गेला, प्रश्न राहिला

काळाच्या ओघात बाजार पालटला. भ्रमणध्वनीने खिशातील कॅमेऱ्यांची जागा घेतली आणि डिजिटल एसएलआरचीही वाट बदलली. ऑगस्ट २०१८ मध्ये जाहीर झालेला निकॉनचा डी३५०० हा त्या मालिकेतील अखेरचा, २४.२ मेगापिक्सेलचा आणि बॅटरीच्या एका भरणीत १,५५० चित्रांची मान्य क्षमता असलेला. २०२० नंतर कॅनन किंवा निकॉन यांपैकी कोणीही प्रवेश-पातळीचा नवा डिजिटल एसएलआर जाहीर केलेला नाही. त्यांची जागा आरसारहित कॅमेऱ्यांनी घेतली आहे. त्यांत आरसा नसतो. सेन्सरवर पडणारे दृश्यच छोट्या विद्युत पडद्यावर दिसते. त्यामुळे यंत्र हलके होते आणि उजेडाचा परिणाम चित्र काढण्यापूर्वीच दिसतो. मात्र पडदा सतत चालू राहत असल्याने बॅटरी लवकर संपते.

काकांच्या मुलीच्या मोबाईलवर होता तो कॅननचा आर१००, मे २०२३ मध्ये जाहीर झालेला. २४.१ मेगापिक्सेल आणि बॅटरीसह वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. अमेरिकेतील घोषित किंमत लेन्ससह सुमारे ६०० डॉलर, म्हणजे डी४० ची जी होती तीच! मधल्या सतरा वर्षांतील महागाई लक्षात घेतली तर कॅमेरा प्रत्यक्षात बराच स्वस्त झाला, असेच म्हणावे लागेल.

पण जुना प्रश्न येथेही विचारावा लागतो : राखून काय ठेवले? याचा मागचा पडदा एकाच जागी पक्का बसवलेला आहे. तो वळत नाही आणि बोटाच्या स्पर्शाने चालतही नाही. फोरके चित्रफीत घेताना चौकट बरीच आकसते. सोबतची १८-४५ मिलिमीटर लेन्स एफ/४.५ ते एफ/६.३ ची, म्हणजे जुन्या १८-५५ पेक्षाही काहीशी अंधारी. केवळ छायाचित्रे काढणाऱ्यास यांतील पहिल्या दोन गोष्टी गौण आहेत. काकांच्या मुलीला मात्र शाळांच्या स्नेहसंमेलनांची आणि छोट्या घरगुती समारंभांची कामे घ्यायची होती, आणि आजचे ग्राहक छायाचित्रांसोबत चित्रफीतही मागतात. तिच्यासाठी तिन्ही उणिवा महत्त्वाच्या होत्या. हे तिचे तिनेच कागदावर लिहून काढले, तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा पहिल्या छापेचा उजेड थोडा मावळला खरा. पण विचार सुरू झाला.

किंमत आणि खर्च

वाणिज्याच्या विद्यार्थ्यास पहिल्या वर्षीच शिकवले जाते की, यंत्राची किंमत म्हणजे केवळ बिलावरील आकडा नव्हे. ते कामास लायक होईपर्यंतचा सर्व खर्च तीत धरावयाचा असतो. कॅमेऱ्यालाही हाच नियम लागू आहे. शरीर, कामाची लेन्स, फ्लॅश, दोन मेमरी कार्डे, जादा बॅटरी, पिशवी आणि चित्रे साठवण्यासाठी हार्ड डिस्क, एवढे धरल्याशिवाय अंदाजपत्रक पूर्ण होत नाही. उदाहरणादाखल, हाती ६०,००० रुपये असतील तर त्यांतील ५५,००० चा कॅमेरा घेण्यापेक्षा ३५,००० चा कॅमेरा आणि २५,००० ची जोडसामग्री घेणे अधिक शहाणपणाचे. शरीराचे मॉडेल दोन-तीन वर्षांत जुने होते आणि त्याची पुनर्विक्रीची किंमत झपाट्याने घसरते. चांगली लेन्स मात्र अनेक वर्षे साथ देते.

पक्क्या बिलाचे महत्त्वही येथे सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी मी स्वतः एका दुकानातून थोडी स्वस्त मिळते म्हणून बिलाविना लेन्स घेतली. ती बिघडली तेव्हा कळले की, ती अधिकृत मार्गाने आयात झालेलीच नव्हती. त्यामुळे भारतात तिला हमी नव्हती. वाचवलेल्या रकमेपेक्षा दुरुस्तीचा खर्च जास्त झाला. व्यवसायासाठी खरेदी असेल आणि जीएसटी नोंदणी असेल, तर बिल नोंदणीकृत नावानेच घ्यावे.

हप्त्यांचे गणित

कॅमेरा हप्त्यांवर घेताना दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, व्याज सरसकट मूळ रकमेवर आकारले जाते की घटत्या शिलकेवर. समजा ४८,००० रुपये दोन वर्षांसाठी घेतले. १२ टक्के सरसकट दराने व्याज ११,५२० रुपये होते आणि मासिक हप्ता २,४८० रुपये. हाच १२ टक्के दर घटत्या शिलकेवर असेल तर हप्ता सुमारे २,२६० रुपये आणि एकूण व्याज सुमारे ६,२३० रुपये. म्हणजे सरसकट १२ टक्के हा प्रत्यक्षात घटत्या शिलकेवरील साडेएकवीस टक्क्यांच्या आसपासचा दर ठरतो.

दुसरी गोष्ट ‘शून्य टक्के’ या शब्दांची. समजा ६०,००० रुपयांचा कॅमेरा ५,००० रुपयांच्या बारा हप्त्यांत मिळतो. पण रोख घेणाऱ्यास ४,००० रुपयांची सूट आहे. हप्ते घेणारा ती सूट सोडतो. म्हणजे वस्तुतः त्याने ५६,००० रुपये उसने घेऊन ६०,००० फेडले. हा दर वर्षाला सुमारे तेरा टक्के पडतो. प्रक्रिया शुल्क असल्यास ते वेगळेच. शून्य टक्के हप्ता योजनांतील व्याज बहुधा अन्य शुल्कांच्या रूपाने दडलेले असते, याकडे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच लक्ष वेधून बँकांना अशा योजनांपासून परावृत्त केले होते.

राहिली मुदत ठेव. ठेव मुदतीपूर्वी मोडल्यास सामान्यतः व्याजदरात कपात होते. तिच्या तारणावर कर्ज घेतल्यास ठेवीच्या दराहून साधारणपणे एक ते दोन टक्के जादा दर पडतो. ठेव मात्र शाबूत राहते. गरज थोड्या महिन्यांची असेल तर हा मार्ग बरा. मुदत संपण्यास फार काळ उरला नसेल तर थांबणे त्याहून बरे. आणि कॅमेरा हे उपजीविकेचे साधन असेल, तर एप्रिल २०१५ पासून सुरू असलेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेतील ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंतच्या कर्जाचा विचार करता येतो. परंतु कर्ज कोणतेही असो, हप्ता हौसेतून नव्हे तर मिळकतीतून फिटला पाहिजे. महिन्याला किती कामे निश्चित आहेत, हा प्रश्न दराच्या आधी विचारावा.

समारोप

कॅमेरा घेण्यापूर्वी पुढील चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत, अशी आमची सुज्ञ ग्राहकांना विनंती आहे :

१. मी प्रामुख्याने काय टिपणार आणि कोणत्या उजेडात?
२. या यंत्रात राखून ठेवलेल्या गोष्टींपैकी कोणती मला लागेल?
३. कामास लायक होईपर्यंत एकूण खर्च किती?
४. तो कोणत्या मिळकतीतून आणि किती काळात भरून येईल?

काकांच्या मुलीने त्या दिवशी ठेव मोडली नाही. तिने एक कॅमेरा आणि एफ/१.८ ची लेन्स दोन दिवसांसाठी भाड्याने घेतली आणि एका घरगुती समारंभाचे काम केले. महिनाभराने ती पुन्हा शाखेत आली, तेव्हा तिच्याजवळ तीन मागण्यांची लेखी पत्रे आणि स्वतः तयार केलेले अंदाजपत्रक होते. त्यात पहिल्या ओळीत लेन्स होती, दुसऱ्या ओळीत फ्लॅश आणि तिसऱ्या ओळीत वळणाऱ्या पडद्याचा, पण एकदा वापरलेला कॅमेरा. मागितलेली कर्जाची रक्कम पहिल्या वेळेच्या निम्मीही नव्हती.

काकांनी ते अंदाजपत्रक चष्मा लावून दोनदा वाचले. “साहेब,” ते म्हणाले, “वीस वर्षांपूर्वी मी ही यादी उलट्या क्रमाने केली होती.” मग मुदत ठेवीची पावती त्यांनी नीट घडी घालून खिशात परत ठेवली.